अकरा वर्षांचा अबोला आणि गळ्यातली नळी

धुळ्याच्या आमच्या डॉक्टर मॅडम एकदा सहज म्हणाल्या, "गळ्याला छिद्र पाडायचं म्हटलं की लोक खुर्चीवरून उठून जातात. तुम्ही या सगळ्यातून गेलात, तर चार पानं लिहून द्या. मी वॉर्डात ठेवते." म्हणून लिहायला बसले आहे. नळी कशी बसवतात, कुठली शीर कुठे असते हे मला विचारू नका, ते डॉक्टर सांगतील. माझ्या बाबतीत जे झालं तेवढंच सांगते.

एक गोष्ट आधीच कबूल करते. आजारपणात माणसाचं मन मोठं होतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. माझं काही झालं नाही. मला नळीची भीती वाटली, मरणाचीही वाटली, पण या दोन्हींपेक्षा जास्त वेळ मी जळण्यात घालवला. माझ्या धाकट्या जावेवर जळण्यात. हे लिहिते, कारण कॉटवर पडल्यावर असलंच काहीबाही मनात येतं आणि ते आपल्या एकट्याच्याच मनात येतं असं वाटून माणूस आणखी खचतो.

आम्ही दोघी

मी शकुंतला. राहणार धरणगाव, वय चौपन्न. माहेर पिंपळनेरचं. दहावी झाले आहे. लग्नाकार्यात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मांडे करून देणं हा माझा उद्योग. खापरावरची पुरणपोळी, तिलाच आम्ही मांडे म्हणतो. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायचा. पंचक्रोशीत शकुअक्काचे मांडे म्हटलं की लोक तारीख बदलायचे, पण बाई बदलायचे नाहीत.

रत्ना माझ्या दिराची बायको, पहूरची. आमचं घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. मागचं अंगण आणि नळ मात्र सामाईक. गेली अकरा वर्षं आमच्यात अबोला होता. गावात लोकांना वाटायचं, नळाच्या पाण्यावरून झालं असेल. आम्हीही वाटू दिलं.

अबोला म्हणजे भांडण नव्हे. त्याचे नियम असतात आणि ते दोघी मनापासून पाळतात. सरळ बोलायचं नाही. अगदीच अडलं तर भिंतीकडे किंवा गाईकडे बघून बोलायचं. "पापड उचलायचे राहिलेत म्हणावं," असं ती तुळशीला सांगायची आणि मी पापड उचलायचे. जी आधी तोंड उघडेल ती हरली. अकरा वर्षांत आम्ही दोघीही हरलो नव्हतो.

शिट्टी

थंडीत मला न्यूमोनिया झाला. जळगावच्या एका दवाखान्यात बारा दिवस तोंडात नळी घालून मशीनवर ठेवलं होतं. त्या दिवसांतलं मला काही आठवत नाही. बरी होऊन घरी आले तेव्हा आवाज थोडा घोगरा होता, बाकी ठीक होतं.

महिन्याभराने श्वासाला शिट्टी यायला लागली. आधी जिना चढताना, मग नुसतं अंगण झाडताना, मग बसल्या जागी. सगळे म्हणाले, दमा आहे. सगळ्यांच्या आधी मीच म्हणाले. तीस वर्षं चुलीच्या धुरात खापरासमोर बसलेल्या बाईला दमा नाही होणार तर कुणाला? गावातल्या डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला, जळगावच्या छातीच्या डॉक्टरांनी त्याहून मोठा पंप दिला. मशीनवर होते ते मी सांगितलंच नाही. न्यूमोनिया तर संपला होता, जुनं कशाला उगाळायचं असं वाटलं. दवाखान्याची फाइल कपाटात साड्यांखाली पडून होती.

पंपाने काही होईना. एक वाक्य बोलायला तीन श्वास लागायला लागले. माझे यजमान जिनिंगमध्ये होते, सरकीच्या आणि यंत्राच्या आवाजात त्यांचे कान गेलेले. ते म्हणायचे, "बठ्ठं ठीक व्हई जाई. तू पंप घे." त्यांना माझी शिट्टी ऐकूच येत नव्हती.

ती ऐकू येत होती भिंतीपलीकडे.

एका सकाळी रत्ना अंगणात आली, माझ्याकडे न बघता ह्यांच्यासमोर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "नाना, त्यायचा सास आत जाता वाजतो. बाहीर येता नाही वाजत. माह्या बापाले दमा होता, त्याचा बाहीर येता वाजे. हा दमा नाही. घशाच्या डॉक्टरले दाखवा."

ह्यांना दोनदा सांगावं लागलं. मी तिथेच बसले होते, शिट्टी वाजवत. मला काय वाटलं सांगू? हिची हिंमत कशी झाली माझा श्वास ऐकायची! भिंतीला कान लावून बसते की काय! माझा आजार मला कळला नाही आणि हिला कळला, याचा मला इतका राग आला की मी आणखी चार दिवस पंपच घेत राहिले. ते चार दिवस मला महागात पडले असते. तुम्ही असं करू नका.

कोण करणार

पाचव्या दिवशी पाणी पितानाच जीव कोंडला, तेव्हा मुलगा सुरतेहून आला आणि मला जळगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला, पडद्यावर बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कधी व्हेंटिलेटरवर होतात का?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. फाइल साड्यांखालून निघाली.

मशीनच्या नळीने श्वासनलिकेला आतून जखम झाली होती, ती भरताना तिथलं मांस आवळत गेलं होतं. बोट जाईल एवढी वाट होती तिथे आता काडीपुरती उरली होती. डॉक्टर म्हणाले, "त्याच्या खाली गळ्याला छिद्र करून नळी बसवावी लागेल. ट्रॅकिओस्टॉमी. म्हणजे श्वास तिथून चालेल. नंतर वरची वाट मोकळी करता येते का ते बघायचं."

"आणि आवाज?" मी विचारलं.

"नळी आहे तोवर नाही. वरची वाट मोकळी झाली तर येईल."

तो 'तर' मी घरापर्यंत चघळत आले.

पुढचे तीन दिवस ज्याच्या त्याच्या तोंडी एकेक डॉक्टर. कुणी मुंबई म्हणे, कुणी सुरत. एका दवाखान्यात एक साहेब म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे, आज दाखल करा, उद्या करू." मुलगा तयार झाला. तेव्हा दाराशी उभी राहून रत्नाने खुंटीवरच्या पिशवीला विचारलं, "नळी बसवतील ते खरं, पण काढीन कोण, ते विचारलं का कोणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. मुलाने फोन करून विचारलं, तर साहेब म्हणाले, ते नंतर बघू. मग तो पुन्हा जळगावच्या त्या कॅमेरावाल्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी सरळ सांगितलं, "नळी मीही बसवून देईन. पण वरची वाट उघडायचं काम मी करत नाही. धुळ्याला एक मॅडम आहेत, त्या दोन्ही करतात. ज्यांनी पुढचं करायचं त्यांनीच पहिलं छिद्र कुठे घ्यायचं ते ठरवलेलं बरं. फार थांबू नका मात्र."

तुमच्यावर ही वेळ आली तर हेच विचारा. अशा नळ्या किती बसवल्यात, बसवल्यानंतर रोज कोण बघणार, घरी अडचण आली तर फोन कोण उचलणार, आणि नळी काढणार कोण. जो डॉक्टर 'हे मला येत नाही' म्हणतो त्याचे आभार माना. आम्ही त्यांना पेढे दिले. रत्नाला मी काही दिलं नाही. पुन्हा तिचंच खरं ठरलं, या विचाराने मला धुळ्यापर्यंतच्या रस्त्यात शिट्टीपेक्षा जास्त त्रास झाला.

तिच्यावाचून कोणी नव्हतं

धुळ्याच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच लागायची. माझी मुलगी नाशिकला, तिला दहा दिवसांचं बाळ. बहिणीचे गुडघे गेलेले. ह्यांनी नुसतं म्हटलं, "रत्नाले बलाव." एव्हाना माझ्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता, म्हणून हाताशी पाटी ठेवली होती. तिच्यावर मी लिहिणार होते की नको, पण तोवर तिची पिशवी गाडीत येऊन पडली होती. माझ्या पायाशी.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. त्या दुपारी ती खाली औषधं आणायला गेली आणि मी एकटी होते. अबोल्याचं खरं कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही, ते इथे लिहिते.

अकरा वर्षांपूर्वी नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही दोघी दोन खापरांवर मांडे करत होतो. रत्ना तेव्हा नवीन शिकलेली, माझ्याच हाताखाली. परातीत मांड्यांची चळत लागली होती. मुलाकडच्या एक मोठ्या बाई आल्या, त्यांनी वरचा मांडा दोन बोटांत धरून उजेडासमोर केला. पलीकडचं दिसत होतं इतका पातळ. कुठे भोक नाही, काठ जाड नाही. त्यांनी विचारलं, "हाऊ मांडा कोना शे?"

वीस बायका होत्या. मी म्हणाले, "मना."

तो माझा नव्हता. रत्नाचा होता. माझ्या हातून तीस वर्षांत तसा मांडा उतरला नाही. रत्ना हात झुलवत होती, तशीच थांबली. गोळा तिच्या मनगटावरून लोंबत खाली आला आणि फाटला. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललीच नाही.

त्या दुपारी मी पाटीवर लिहिलं, 'तो मांडा तुझा होता.' उद्या कदाचित उठणारच नाही, मग हे राहून जायला नको, असं वाटलं. तिच्या चपला जिन्यात वाजल्या आणि मी तळव्याने पाटी पुसून टाकली. हेही हिला द्यायचं? माझा श्वास हिने ओळखला, डॉक्टर हिच्यामुळे मिळाला, आता माझी माफीही हिच्याच पिशवीत? आणि दुसरं असं, की खोटं मी वीस बायकांत तोंडाने बोलले होते. ते असं गुपचूप पाटीवर खरं कसं करणार? ते तोंडानेच करायला हवं. आवाज परत आला तरच. हे मनाशी ठरवल्यावर मला आवाज हवाच होता, आणि का हवा ते कुणाला सांगता येत नव्हतं.

गळ्यापुरती भूल

पूर्ण भूल देणं धोक्याचं होतं, म्हणून गळ्यापुरतीच दिली. मी जागी होते. मानेखाली उशी, तोंडावर हिरवं कापड. मॅडम सगळं सांगत होत्या, आता टोचेल, आता दाबल्यासारखं वाटेल, आता खोकला येईल. खोकला आला आणि त्याबरोबर एकदम हवा आली. कितीतरी महिन्यांनी छाती पूर्ण भरली. शिट्टी नाही, ओढाताण नाही. मला रडू आलं. मी हुंदका दिला, आणि त्याला आवाज नव्हता.

तेवढी एक गोष्ट आधी सांगून ठेवते. रडायचा आवाज नसतो, हसायचा नसतो, कण्हायचाही नसतो. तुम्ही ओरडता आणि पलीकडची बाई केस विंचरत राहते. यासाठी उशाशी घंटी मागून घ्या. आम्ही आमच्या देवघरातली आणवली.

नळीत कफ साठतो, तो बारीक नळीने ओढून काढतात. पहिल्यांदा वाटतं की जीवच ओढून नेताहेत. चौथ्या दिवसापासून आपणच खूण करून बोलावतो. वास येत नाही, कारण हवा नाकातून जातच नाही. गळ्यावर ओलं फडकं ठेवायचं, नाहीतर आत कोरडं पडतं. गिळायला जमतंय हे बघून आठव्या दिवशी मला शिरा दिला. तो शिरा मला अजून आठवतो.

दुभाषी

मी ओठ हलवायचे. ह्यांना काही कळायचं नाही. ते भेटीच्या वेळेत येऊन माझ्याकडे टक लावून बघायचे आणि म्हणायचे, "पाणी? उशी? देवना फोटू?" मुलगा अंदाज करायचा, तोही चुकीचा. सिस्टर म्हणायच्या, लिहा. पाटीवर लिहीपर्यंत निम्मा राग निघून जायचा.

आणि रत्ना कोपऱ्यात स्टुलावर बसून, माझ्याकडे ओझरतं बघून, सिस्टरला सांगायची, "त्यांना पाठ खाजवायची आहे. डावीकडे. आणि पंखा बंद करा म्हणताहेत."

एकदाही चुकली नाही. मी मुद्दाम भराभर ओठ हलवून बघितलं. मान वळवून बघितलं. ह्यांच्यावर चिडून मी अहिराणीत जे काही म्हणाले, तेही तिला कळलं, कारण ती तोंडाला पदर लावून हसली.

मॅडमनी तिला विचारलं, "तुम्हाला कसं जमतं हो?"

ती सलाइनच्या खांबाकडे बघत म्हणाली, "अकरा वर्षं लांबूनच बघतेय ना. अंगणाच्या त्या टोकाला काय बोलतात ते कळायला हवं. माझ्याबद्दल असलं तर?"

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. माझ्याशी संसार केलेल्या माणसाला माझे ओठ कळत नव्हते आणि माझ्याशी न बोलणाऱ्या बाईला कळत होते. हळूहळू सगळे तिच्याशीच बोलायला लागले. डॉक्टर आले की हात माझ्या नाडीवर आणि प्रश्न तिला. "आज कसं वाटतंय त्यांना?" मी तिथेच बसलेली! आणि ती सांगायची तेही माझ्यापेक्षा नीट. मी म्हणायचे, 'या बाईने सकाळपासून फडकं बदललं नाही, झोपली होती का?' ती सांगायची, "फडकं कोरडं झालंय म्हणतात, सवड झाली की बघा." सिस्टर लगेच यायच्या. माझं बोलणं तिच्या तोंडून गोड होऊन बाहेर पडायचं आणि वॉर्डात माझं नाव झालं, शकुअक्का किती समजूतदार बाई! ते नाव माझं नव्हतंच.

मला तेव्हा कोणकोण खुपलं नाही? शेजारच्या कॉटवर सातपुड्याच्या पायथ्याची एक बाई होती, तिलाही नळी. तिचा नवरा रोज तिच्या हातात हात देऊन नुसता बसायचा, तो खुपला. खोकणारे खुपले, फोनवर भांडणारे खुपले. पण रत्नाइतकं कुणी खुपलं नाही. ती रात्रंदिवस माझी नळी धूत होती आणि एकदाही मला 'अक्का' म्हणाली नाही. "औषध घ्यायची वेळ झाली म्हणावं," असं खांबाला सांगून गोळी माझ्या तळहातावर ठेवायची.

आखाजी

नळी घेऊनच मी घरी आले. वरची वाट उघडायची ती दीड-दोन महिन्यांनी. मधे आखाजी आली. आखाजीला धरणगावात घरोघरी आमरस आणि मांडे. माझ्याकडे नेहमीसारखी मांडे न्यायला माणसं आली, आणि मी गळ्याला फडकं बांधून आतल्या खोलीत. मला धुराजवळ जायची बंदी.

अंगणात माझ्या चुलीवर माझं खापर ठेवून रत्ना बसली. मी खिडकीतून बघत होते. तिचे हात बघितले आणि मला खिडकी लावून घ्यावीशी वाटली, पण लावली नाही. गोळा तिच्या हातांवरून पाण्यासारखा सरकत होता. बायका म्हणत होत्या, "शकुअक्कानंच वळण शे, देखा." ती मान खाली घालून म्हणाली, "हो, त्यायनंच शिकवलं."

मला ते सहन झालं नाही. तिने माझं नाव घेतलं म्हणून नव्हे. ती ते खरं बोलत होती म्हणून. खरं बोलणं तिला इतकं सोपं होतं.

तिने एक मांडा ताटात घालून खिडकीच्या चौकटीवर ठेवला आणि निघून गेली. मला वास आला नाही. मी तो उजेडासमोर धरला. पलीकडचं अंगण दिसलं, चूल दिसली, तीही दिसली. मग मी तो आमरसात बुडवून सगळा खाल्ला आणि रागाने दुसरा मागितला, घंटी वाजवून.

पहिला प्रयत्न

जूनमध्ये मॅडमनी दुर्बिणीने आत जाऊन आवळलेली जागा फुग्याने रुंद केली. आता नळीवर बोट ठेवलं की हवा वर जाईल आणि आवाज येईल, असं ठरलं होतं. सगळे जमले. मी बोट ठेवलं. फुस्स झालं आणि दोन क्षणांत जीव गुदमरला. मॅडमनी पटकन बोट काढायला लावलं. "पुन्हा आवळलंय. आणखी एकदा करू. सगळ्यांचं एकदा होत नाही."

त्याच आठवड्यात शेजारची ती सातपुड्याकडची बाई पुन्हा आली होती. तिने बोट ठेवलं आणि नवऱ्याला काहीतरी म्हणाली. खरखरीत, पण म्हणाली. तो माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या आणि मनात म्हटलं, हिलाच का? हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. त्या दिवशी मी जेवले नाही. रत्नाने माझं ताट तसंच झाकून ठेवलं, खांबालाही काही सांगितलं नाही.

मनात एकच घोळत होतं. आवाज आला नाही तर तो मांडा कायमचा माझाच राहणार.

बोट

दुसऱ्यांदा केलं. या वेळी औषधही लावलं, नळी आधीपेक्षा लहान बसवली. तीन आठवड्यांनी तपासणीची तारीख होती. सकाळची वेळ. मॅडम, दोन सिस्टर, हे, मुलगा, बाकीच्या कॉटवरच्या बायका आणि त्यांच्या सोबतच्या, कोपऱ्यात स्टुलावर रत्ना. मी मोजल्या नाहीत, पण वीसेक बायका असाव्यात.

मॅडम म्हणाल्या, "श्वास घ्या. बोट ठेवा. काहीही म्हणा. नाव सांगा, नाहीतर देवाचं नाव घ्या."

मी श्वास घेतला. बोट ठेवलं. हवा गळ्यातून वर गेली, कोमट, खरखरीत, नाकापर्यंत. स्पिरिटचा वास आला. कितीतरी महिन्यांनी मला वास आला.

मी म्हणाले, "तो मांडा रत्नाना व्हता."

आवाज माझा वाटला नाही. जुन्या दारासारखा होता. पण सगळ्यांनी ऐकला. हे पुढे वाकून विचारायला लागले, "काय म्हनी? काय म्हनी?" मॅडमना काही समजलं नाही. सवयीने त्या रत्नाकडे वळल्या, "काय म्हणाल्या त्या?"

सगळे रत्नाकडे बघायला लागले. तिने आजवर माझा एकही शब्द सोडला नव्हता. ती स्टुलावरून उठली होती. तिचे ओठ हलले आणि आवाज निघाला नाही, नळी जणू तिलाच बसली होती. मग मीच पुन्हा श्वास घेतला, बोट ठेवलं आणि वळून सगळ्या बायकांना सांगितलं, "मी खोटं बोलनू व्हती. मांडा तिना व्हता."

दम लागला. मला खोकला आला. रत्ना कॉटजवळ आली, माझा हात नळीवरून बाजूला केला, गळ्यावरचं फडकं सारखं केलं. खांबाकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मले माहीत हाय, अक्का. आता गप राहा. दम लागीन."